मसुरीएवढा नारिंगी ठिपका

मार्लिस हौगनचा रेनो लाहतीवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. कारण एकच, तो प्रश्न विचारत नसे.

चर्चच्या तळघरात दर मंगळवारी सकाळी तिचा चित्रकलेचा वर्ग भरायचा, सप्टेंबर ते मे. नऊ-दहा जण यायचे, सगळे निवृत्त, आणि एकाच्याही तोंडाला खळ नाही. व्हर्ना चार वर्षं आपल्या मेलेल्या कुत्र्याचंच चित्र काढत होती आणि दर आठवड्याला न चुकता विचारायची, "बाई, ह्याचे कान बरोबर आले का हो?" कान काही बरोबर यायचे नाहीत. पण मार्लिसला ते चालायचं. विचारणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे ते कळतं. हा रेनो मात्र मागच्या कोपऱ्यात, कॉफीच्या मोठ्या पिंपाशेजारी, टोपी मांडीवर ठेवून बसायचा आणि नुसता तिच्या हाताकडे बघायचा. चेहऱ्याकडे नाही, फळ्याकडे नाही, हाताकडे.

तीस वर्षं तो गावापुढच्या समुद्राएवढ्या सरोवरात लोहखनिज वाहणाऱ्या बोटींवर स्वयंपाकी होता. मागच्या उन्हाळ्यात निवृत्त झाला आणि सप्टेंबरात सरळ वर्गात येऊन बसला. आता बोटीवर तीस वर्षं बटाटे सोलणाऱ्या माणसाला एकाएकी चित्रकला कशाला सुचावी? गावातले बाकीचे निवृत्त लोक मासे धरतात, बायकोच्या डोक्याला ताप देतात. ह्याला बायको नव्हती हे खरं, पण मासे तर होते.

पहिल्या दिवशी मार्लिसने नेहमीचे दोन नियम सांगितले होते. "ब्रश धुतल्याशिवाय कॉफी नाही. आणि मी बाहेर कुठे रंगवताना दिसले तर वाट वाकडी करून निघून जायचं. कोणी बघतंय म्हटलं की माझा हातच चालत नाही. मागे एका प्रवाशाला मी टर्पेंटाइनचं फडकं फेकून मारलं होतं, त्याने अजून गावात पाऊल टाकलेलं नाही."

सगळे हसले. रेनो हसला नाही. तो खाली फरशीकडे बघत राहिला. मार्लिसने ते तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

तिचा स्वभावच तसा. अडुसष्ट वर्षांची बाई, एकटी राहणारी, चित्रांवर जगलेली. चित्रांवर जगणाऱ्याला जपण्यासारखं फार थोडं असतं. एक हात आणि एखादी जागा, बस्स. तिची जागा म्हणजे गावापासून सात मैलांवर, रानातून अर्धा तास चालल्यावर लागणारी किनाऱ्यावरची एक खाच. काळ्या कातळाची एक पट्टी पाण्यात उतरलेली, समोर वाकलेलं एक सीडरचं झाड आणि पलीकडे मोकळं सरोवर. ती तिला खोबण म्हणायची. सतरा वर्षं ती दर नोव्हेंबरात तिथे जात होती. झाडांची पानं गेलेली, प्रवासी गेलेले, पाण्याला लोखंडाचा रंग आलेला, आणि दुपारी तीन वाजता ढगांखालून तासभर असा काही उजेड यायचा की तिला वर्षभर तो पुरायचा. पैलवान लोक थंडाईवर पोसतात तशी ती त्या एका तासावर पोसली होती. ते दिवस हरणांच्या शिकारीचे. रानात कुठून गोळी येईल सांगता येत नाही, म्हणून डोक्यावर नारिंगी टोपी घालावीच लागायची. चित्रकाराने भडक कपडा घालू नये, त्याची झाक कॅनव्हासवर पडते, पण मरण्यापेक्षा झाक परवडली.

खोबणीचा पत्ता तिने कोणाला सांगितला नव्हता. विचारलं तर म्हणायची, "आहे असंच कुठेतरी." आणखी एक गोष्ट तिने सांगितली नव्हती. तिच्या कॅनव्हासला खाली नारिंगी अस्तर असायचं, आणि चित्र पुरं करताना ती कुठेतरी मसुरीएवढी जागा रंगवायची सोडून द्यायची. तेवढा एक नारिंगी ठिपका खालून डोकावत राहायचा. त्याने काळा कातळ आणखी काळा दिसायचा, आणि खरं सांगायचं तर ती तिची खूण होती. वर्गात ती पांढऱ्या पुठ्ठ्यावर शिकवायची. आपली खरी विद्या वर्गात कोण वाटून टाकतं? शिकवून कोणी चित्रकार होतो यावर तिचा विश्वासच नव्हता. "शिकवण्यातून तुम्हाला काय मिळतं?" असं एकदा चर्चच्या पाद्रीबुवांनी कौतुकाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "कॉफी."

फेब्रुवारीत रेनोने तोंड उघडलं. वर्ग सुटत होता, लोक कोट चढवत होते, आणि हा पिंपाशेजारून हळूच म्हणाला, "बाई, नोव्हेंबरात गार वाऱ्यात रंग घट्ट होतो, तेव्हा तुम्ही तेल किती घालता?"

मार्लिसचा हात मफलरवरच थांबला. "मी नोव्हेंबरात बाहेर रंगवते असं कोण म्हणालं तुला?"

रेनोचे कान लाल झाले. "कोणी नाही. म्हणजे... असंच. कोणी रंगवलं तर, असं."

"कोणी रंगवलं तर त्यालाच विचार," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, घाईघाईने पेला ठेवायला गेला आणि अर्धी कॉफी टेबलावर सांडली. चोर आहे हा, मार्लिसच्या मनात आलं. काय चोरतोय ते मात्र अजून कळलं नव्हतं.

ते एप्रिलमध्ये कळायला लागलं. तिची चित्रं विकायला ठेवणारी दुकानदारीण पॅम सहज बोलून गेली, "अगं, तुझा तो लाहती दर शुक्रवारी येतो. तुझ्या खोबणीच्या चित्रापुढे नाक लावून अर्धा अर्धा तास उभा असतो. विकत काही घेत नाही. मी म्हटलं, रेनो, चाटून बघणार आहेस का?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, ह्या कडा कशा सोडल्यात ते बघतोय."

कडा! मार्लिसला रात्रभर नीट झोप लागली नाही. कातळाची कड पाण्याला भिडते तिथे ती ब्रश आडवा घेऊन एकदाच ओढायची आणि मग हात लावायची नाही. ते साधायला तिची वीस वर्षं गेली होती. आणि हा पठ्ठ्या फुकटात नाक लावून उभा! पुढच्या मंगळवारपासून ती त्याच्याकडे पाठ करून रंगवू लागली. त्याने खुर्ची हलवली. तिने पाठ हलवली. महिनाभर हा खेळ चालला आणि व्हर्नाला वाटलं बाईंना मानेचं दुखणं झालंय.

रेनो घरी काय रंगवतो ते मात्र कोणाला दिसत नव्हतं. वर्गात तो मुकाट्याने अंडी, किटली, कांदे रंगवायचा, बरे रंगवायचा, आणि वर्ग सुटला की चित्र कोटाखाली घालून न्यायचा. "घरी काही काढतोस का?" तिने एकदा मुद्दाम विचारलं. "थोडंथोडं," तो म्हणाला आणि विषय संपवला.

जूनमध्ये तिने त्याला जवळजवळ रंगेहाथ पकडलं. खोबणीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी, जिथे कधी कुत्रंसुद्धा नसतं, तिथे त्याची निळी पिकअप उभी होती. मागे होडी वाहायची गाडी जोडलेली, होडी नसलेली. वा रे वा, तिने मनाशी म्हटलं, कोणी विचारलं तर मासे धरायला आलो म्हणायची सोय करून आलाय. ती तशीच पायवाटेने खोबणीपर्यंत गेली. कातळावर कोणी नव्हतं. झाडांत कोणी नव्हतं. दूर पाण्यात एक होडी डुलत होती, पण कोळ्यांच्या होड्या तर रोजच असतात. तिने हाका मारल्या नाहीत. परत आली तेव्हा पिकअप तिथेच होती. त्या दिवसापासून खोबण तिला आपली वाटेना. घरात कोणीतरी शिरून सामान हाताळून गेल्यावर वाटतं तसं तिला वाटत राहिलं, आणि ह्या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग होता.

ऑगस्टमध्ये कौंटीची, म्हणजे जिल्ह्याची, जत्रा भरली. गुरांचा तंबू, भोपळ्यांचं दालन, आणि गोधड्यांच्या दालनाला लागून चित्रांचं दालन. चित्राच्या चिठ्ठीवरचं नाव दुमडून आत घातलेलं असतं, निकाल लागल्यावरच चिठ्ठी उलगडतात. मार्लिसने दरवर्षीप्रमाणे एक चित्र ठेवलं होतं. डुलुथ शहरातून आलेल्या परीक्षक बाई सगळ्यांसमोर मोठ्याने बोलत चित्रं बघत होत्या. शेवटी त्या एका लहानशा चित्रापुढे थांबल्या, दोन पावलं मागे सरकल्या आणि पुन्हा पुढे आल्या. मग म्हणाल्या, "हे ज्याने काढलं, त्याला इथली थंडी हाडात माहीत आहे." आणि संपूर्ण दालनातल्या सर्वोत्तम चित्राची जांभळी फीत त्यावर लावली. चिठ्ठी उलगडली. रेनो लाहती.

मार्लिसला दुसरा क्रमांक मिळाला. पुढे तिने तक्रार लिहिली त्यात ही गोष्ट लिहिली नाही.

गर्दी पांगल्यावर ती त्या चित्रापुढे उभी राहिली. काळा कातळ. वाकलेला सीडर. लोखंडी पाणी. कडा आडव्या ब्रशने एकदाच ओढून सोडलेल्या. फक्त सगळं उलटं होतं. तिच्या चित्रांत कातळ डावीकडे आणि सीडर उजवीकडे असतो, इथे सीडर डावीकडे होता. आणि मोकळ्या सरोवराच्या जागी मागे काळपट रान आणि टेकडी होती.

चित्र नीट बसलंय का ते बघायला चित्रकार आरशात बघतात. उलटं दिसलं की चूक डोळ्यात भरते. मार्लिसच्या पर्समध्ये कायम एक गोल आरसा असायचा. ती चित्राकडे पाठ करून उभी राहिली आणि खांद्यावरून आरसा धरला. कातळ डावीकडे गेला, सीडर उजवीकडे आला. तिची खोबण! म्हणजे बेट्याने तिचं चित्र उलटं करून उतरवलं होतं, आणि ओळखू येऊ नये म्हणून मागे एक टेकडी चिकटवून दिली होती. तरीही एक क्षण तिला वाटलं, आपण फार पुढे चाललोय. मग आरशात कातळाच्या टोकाशी तिला तो दिसला. नारिंगी ठिपका. मसुरीएवढा.

आता शंकेला जागाच उरली नाही. तिने तिथेच भोपळ्यांच्या दालनातून कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्या लेखी हरकत लिहिली.

चित्रदालनाची प्रमुख डॅग्नी तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिने कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "मार्लिस, हे खरं निघालं तर त्याला जत्रेत पुन्हा कधी काही ठेवता येणार नाही. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्याला. नक्की ना?"

"माझा हात मी ओळखत नाही का?"

"आणि खोटं निघालं तर?"

"निघणार नाही," मार्लिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दालनामागच्या खुर्च्या रचून ठेवायच्या खोलीत तिघं बसली. बाहेरून तळलेल्या चीजचा वास येत होता आणि भोंग्यावर कोणीतरी वासरांचे नंबर पुकारत होतं. टेबलावर ते चित्र होतं, त्यावर जांभळी फीत, आणि डॅग्नीच्या तळहाताखाली पालथा घातलेला कागद. रेनो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मार्लिसला वाटलं, दोषी माणूसच असा तयार होऊन येतो.

"रेनो," डॅग्नीने सुरुवात केली, "मार्लिसने तुझ्या चित्रावर हरकत घेतलीये. तुला आधी काही सांगायचंय?"

रेनोने टोपी काढली. "हो. चूक माझीच आहे. बाईंना आधी विचारायला हवं होतं."

मार्लिसने डॅग्नीकडे पाहिलं. घे! ऐक! सप्टेंबरपासून जे तिला माहीत होतं ते आज त्याच्या तोंडून आलं होतं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कुठेतरी आत ती त्याने नाही म्हणावं म्हणून थांबली होती.

"म्हणजे कबूल आहे तुला?" डॅग्नीने विचारलं.

"कबूल आहे. अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही."

"अकरा वर्षं?" मार्लिस म्हणाली. "तुला वर्गात येऊन वर्ष नाही झालं!"

"वर्गाचं नाही म्हणत, बाई. बोटीवरून." रेनो टोपी फिरवू लागला. इतकं बोलायची त्याला सवय नव्हती. "नोव्हेंबरात शेवटच्या फेऱ्या असतात. धक्का रिकामा नसला की आम्ही बाहेर नांगर टाकून पडून असायचो, कधी दोन दिवस, कधी चार. स्वयंपाकघराच्या दारातून ती खाच समोर दिसायची. आणि त्या कातळावर एक नारिंगी ठिपका. पोरं म्हणायची, शिकारी आहे. मी म्हटलं, शिकारी चार दिवस एकाच दगडावर बसत नाही, एवढा येडा शिकारी मी पाहिला नाही. मग मी कप्तानाकडून दुर्बीण मागून आणली."

रेनोने टोपी मांडीवर ठेवली.

"बघतो तर तुम्ही. कॅनव्हासचं तिकाटणं दोरीने दगडाला बांधलेलं. वारा असा की आमच्या भांड्यांची झाकणं उडत होती. आणि तुम्ही आपल्या रंगवताय. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मी पोरांना म्हणायचो, आज जेवण उशिरा, आज बाई आल्यात." तो किंचित हसला, मग लगेच थांबला. "तेव्हाच ठरवलं होतं, सुटलो की हे शिकायचं. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, मला कोणी बघितलेलं चालत नाही. आता मी तर अकरा वर्षं बघत होतो. कसं सांगणार? तुम्ही फडकं फेकून मारलं असतंत."

मार्लिसने चित्राकडे पाहिलं. आरसा नको होता. सीडर डावीकडे, कातळ उजवीकडे, मागे रान आणि टेकडी. पाण्यावरून असंच दिसणार. सतरा वर्षांत ती एकदाही पाण्यावर गेली नव्हती. जूनमधली ती होडी, ती रिकामी गाडी. आणि कातळाच्या टोकाशी जो ठिपका होता, त्याला खाली एक बारीक राखाडी रेघ होती, वाकलेली. ठिपका म्हणजे तिची टोपी, आणि ती रेघ म्हणजे तिची पाठ होती. तिला एकटेपणाचा केवढा अभिमान होता! आणि तेवढा सगळा वेळ कोणीतरी जेवण उशिरा करून तिला बघत होतं. तिला शरमही वाटली आणि त्याहून जास्त, उगाचच, रडू यायला लागलं.

"तुम्हाला न विचारता तुम्हाला चित्रात घातलं, ही चूक झाली," रेनो म्हणाला. त्याने शर्टाच्या खिशातून रंग खरवडायची छोटी सुरी काढली. "तेवढा ठिपका काढून टाकतो. बाकीचं ठेवलं तर चालेल का?"

सुरी कॅनव्हासला टेकायच्या आत मार्लिसने त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस त्याला!"

तो गोंधळून थांबला. डॅग्नी मार्लिसकडे बघत होती. तळहाताखालचा कागद तिने अजून उलटा केला नव्हता, आणि तिच्या नजरेत सरळ लिहिलेलं होतं, तुझं तू ठरव. किती सोपं होतं! त्याला वाटत होतं भांडण टोपीचं आहे. "ठीक आहे, या वेळी माफ केलं," एवढं म्हणायचं आणि उठायचं. कागद चुलीत गेला असता आणि सप्टेंबरात वर्गात बाई पुन्हा बाई झाली असती. मार्लिसने खरंच तोंड उघडलंही होतं.

"दे त्याला तो कागद," ती म्हणाली.

"मार्लिस..."

"दे. मी लिहिलंय, त्याने वाचलं पाहिजे."

रेनोने कागद घेतला. तो ओळीखाली बोट ठेवून हळू वाचायचा. मार्लिसला प्रत्येक शब्द पाठ होता. हे चित्र रेनो लाहती यांचे नाही. हे माझ्या चित्रावरून, माझ्या हाताने काढल्यासारखे उतरवलेले आहे. जागा माझी, कडा माझ्या, ठिपका माझा. माझा हात मी ओळखते. त्याचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"मी तुला चोर म्हटलंय," ती म्हणाली. "वर्षभर मनात म्हणत होते, काल कागदावर म्हटलं. हरकत मी मागे घेते. माफी माग म्हणालास तर सगळ्यांसमोर मागते."

तो ऐकतच नव्हता. "बाई, हे तुम्ही चित्र बघून लिहिलंत?"

"हो."

"जवळून बघून?"

"नाक लावून. आरशातूनसुद्धा."

"आणि तुम्हाला खरंच वाटलं," त्याचे कान लाल होऊ लागले, मग गाल, मग मान, "की हा तुमचाच हात आहे?"

 मार्लिसने होकारार्थी मान हलवली.

रेनोने शेवटच्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग डॅग्नीला विचारलं, "हरकत आता मागे घेतलीये ना? मग हा कागद मला मिळेल का?"

"तो दप्तरी ठेवायचा असतो," डॅग्नी म्हणाली.

"ठेवू दे गं त्याला," मार्लिस म्हणाली. नाक पुसून तिने आवाज कडक केला. "आणि ऐक. टोपी फार मोठी काढलीयेस. एवढं मोठं डोकं नाही माझं."

"टोपी मोठीच होती, बाई. दुर्बिणीतून पाहिलीये मी." त्याने कागदाची चार पदरी घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि वरून एकदा चापपून पाहिलं. "मंगळवारी वर्ग आहे का?"

"सप्टेंबरात. आणि पुढे बस. त्या पिंपामागून काही दिसत नाही."

तो गेला. डॅग्नी चित्र उचलायला वळली आणि एकदम दाराकडे धावली. "अरे रेनो! रेनो, फीत!" पण तो केव्हाच वासरांच्या तंबूपलीकडे गेला होता, खिशावर हात ठेवून. जांभळी फीत चित्रावर तशीच लटकत होती.